डायना विन जोन्सची पुस्तकं कुठून सुरू करावीत?

पत्र : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सेमी-इंग्रजी शाळेत सहावीत शिकते. हॅरी पॉटर तिने आधी मराठीतून, मग इंग्रजीतून वाचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टुडिओ जिब्लीचा ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ हा जपानी चित्रपट पाहिला आणि मूळ लेखिका डायना विन जोन्स हिचीच पुस्तकं हवीत म्हणून हट्ट धरला. वाढदिवसाला मी ‘कॅसल इन द एअर’ आणि क्रेस्टोमॅन्सी मालिकेचा तिसरा जोडखंड आणला. दोन्ही तिने पन्नासेक पानांवर सोडून दिले. “यात हाउलच नाहीये” आणि “ही माणसं कोण आहेत तेच कळत नाही” असं म्हणते. शाळेत ‘माझी आवडती लेखिका’ हा प्रकल्पही तिने याच बाईंवर घेतलाय. सगळी पुस्तकं विकत घेणं परवडणारं नाही. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर :

लेकीची तक्रार रास्त आहे, आणि यात तिच्या इंग्रजीचा काही दोष नाही. तुमच्या हाती मालिकांची मधली आणि शेवटची पुस्तकं आली. ‘कॅसल इन द एअर’ (१९९०) हे हाउलच्या गोष्टीचं दुसरं पुस्तक. त्याचा नायक अब्दुल्ला, झान्झिब शहरातला गालिचे विकणारा तरुण. जादूगार हाउल आणि पहिल्या पुस्तकाची नायिका सोफी त्यात आहेत, पण बऱ्याच उशिरा येतात आणि चटकन ओळखू येत नाहीत. पहिल्या पानापासून हाउलला शोधणाऱ्या मुलीचा हिरमोड होणारच. तिसऱ्या जोडखंडात ‘कॉनरॅड्स फेट’ (२००५) आणि ‘द पिन्हो एग’ (२००६) आहेत. क्रेस्टोमॅन्सी कोण, कॅट कोण, मिली कोण हे वाचकाला माहीत आहे असं धरूनच ती लिहिली आहेत. दोन्ही पुस्तकं कपाटात नीट ठेवा, वर्षभरात कामाला येतील.

आता आणायचा तो क्रेस्टोमॅन्सीचा पहिला जोडखंड. त्यात ‘चार्म्ड लाइफ’ (१९७७) आणि ‘द लाइव्ज ऑफ ख्रिस्तोफर चांट’ (१९८८) अशी दोन पुरी पुस्तकं येतात. विकत घेताना एवढं पाहा की ‘चार्म्ड लाइफ’ सुटंही मिळतं. सुटं घेऊन नंतर जोडखंड घेतला, तर एकाच पुस्तकाचे दोनदा पैसे जातात. नावाचा उच्चार क्रेस्ट-ओ-मॅन्-सी. मुलं नाव अडलं की पान सोडतात, म्हणून तो पहिल्याच दिवशी सांगून टाका.

घटनांचा काळ पाहिला तर ख्रिस्तोफर चांटचं पुस्तक आधीचं आहे. त्यात क्रेस्टोमॅन्सीचं लहानपण येतं, आणि ‘चार्म्ड लाइफ’ पुढच्या पिढीतलं. त्यामुळे ‘काळाप्रमाणे वाचा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. ‘चार्म्ड लाइफ’ची सगळी मजा एका प्रश्नावर उभी आहे : हा क्रेस्टोमॅन्सी नावाचा रुबाबदार, भरजरी झगे घालणारा, हाक मारताच हजर होणारा माणूस नेमका आहे कोण, आणि तो कॅट नावाच्या या साध्यासुध्या मुलाला आपल्या वाड्यात का आणतो? दुसरं पुस्तक या प्रश्नाचं उत्तर पहिल्या काही प्रकरणांतच देऊन टाकतं. उलटं वाचलं की कोडं आधीच सुटलेलं असतं आणि कॅटच्या गोष्टीत नुसता गोंधळ उरतो. स्वतः लेखिकेनेही ‘चार्म्ड लाइफ’ आधी आणि ख्रिस्तोफर त्याच्यामागून हाच क्रम सुचवला होता.

जोन्स मुलांना काही समजावून सांगत नाही, आणि या बाईंच्या लेखनाचं मर्म मला यातच दिसतं. तिच्या पुस्तकांत मोठी माणसं खोटं बोलतात, अर्धवट सांगतात, किंवा स्वतःच फसलेली असतात. लेखिका वाचकाच्या कानात खरं काय ते कुजबुजत नाही. सगळे धागे पानांवर मांडलेले असतात, ते जुळवायचे मुलांनी. म्हणून वाचताना तुम्ही मदतीला धावलात तर पुस्तक बिघडेल. लेकीला एक छोटी वही द्या. प्रत्येक प्रकरणानंतर तिने दोनच गोष्टी लिहाव्यात : कोण कुणाला काय म्हणालं, आणि ते खरं वाटतं का. चार-पाच ओळी पुरेत. पुस्तक संपल्यावर तीच वही उलट चाळायला सांगा.

‘चार्म्ड लाइफ’मध्ये मुलं दोन ठिकाणी अडतात. पहिलं म्हणजे कॅट निम्म्या पुस्तकापर्यंत स्वतःहून काहीच करत नाही. बहीण ग्वेंडोलेन सगळे उद्योग करते, आणि हा नुसता तिच्या मागे. मुलं वैतागतात. त्याच्या गप्प राहण्यामागे कारण आहे आणि तेच या गोष्टीचं गुपित आहे. पुस्तकाच्या मध्यावर जॅनेट नावाची मुलगी येते आणि तिथून वेग एकदम वाढतो. निदान जॅनेट येईपर्यंत पुस्तक सोडायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या. दुसरी जागा शेवटची. जोन्स जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सगळी पात्रं एका ठिकाणी आणते आणि वीस-तीस पानांत सगळ्या गाठी एकदम सोडवते. हा तिचा दोषच म्हणायला हवा, भले भले वाचक तिथे गोंधळतात. झोपण्यापूर्वी पाच-पाच पानं करत हा भाग वाचला तर काहीच हाती लागत नाही. शेवटची तीन प्रकरणं रविवारी सकाळी एका बैठकीत वाचू द्या, आणि शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणखी एक आधीच सांगतो. पहिल्याच प्रकरणात जहाजाच्या अपघातात या भावंडांचे आईवडील जातात. लेखिका त्यावर रेंगाळत नाही, पण हळव्या मुलांना ते लागतं.

इंग्रजी झेपेल का हे पाहण्यासाठी शाळांमधली पाच बोटांची रीत पुरे. मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटं संपली तर पुस्तक एकटीने वाचायला आज जड आहे. यात माणसांची, गावांची आणि जादूची बनवलेली नावं मोजू नका. जड निघालं तर पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, रोज वीस-पंचवीस मिनिटं. जोन्सची वाक्यं छोटी आणि संवाद भरपूर असतात, कानाला ती सोपी जातात. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडायला लावू नका.

‘ख्रिस्तोफर चांट’ तिला बहुधा अधिकच आवडेल. या मुलाला मोठा जादूगार व्हायचंच नाही, त्याला क्रिकेट खेळायचं आहे! स्वप्नातून तो वेगवेगळ्या जगांत जातो. एका जगात त्याला देवळात ठेवलेली, जिवंत देवी मानलेली एक मुलगी भेटते. नेपाळची कुमारी माहीत असलेल्या आपल्या मुलांना ते ओळखीचं वाटेल, आणि ‘पूर्वेकडचं देऊळ’ म्हणून इंग्रज लेखिकेने केलेली थोडी ठोकळेबाज मांडणीही जाणवेल. त्यावर घरी मोकळेपणाने बोला. जलपऱ्यांच्या कत्तलीचा एक भाग भीषण आहे, त्याची कल्पना देऊन ठेवा. क्रेस्टोमॅन्सीला नऊ आयुष्यं असतात, त्यांचा हिशेबही इथेच नीट कळतो. समांतर जगांमध्ये प्रत्येक माणसाची जुळी माणसं असतात, ती एखाद्याला नसली तर त्या सगळ्यांची आयुष्यं त्या एकट्यात गोळा होतात.

ही दोन झाली की पुढचं ‘विच वीक’ (१९८२). हॅरी पॉटर वाचलेल्या मुलीला निवासी शाळा म्हटल्यावर ते हवंसं वाटेल. पण ही शाळा ऊबदार नाही. त्या जगात चेटूक करणाऱ्यांना जिवंत जाळतात, आणि एका शिक्षकांना वह्यांच्या गठ्ठ्यात चिठ्ठी सापडते की या वर्गात कुणीतरी चेटकीण आहे. मुलांमधली दादागिरी इतकी खरी उतरली आहे की सहावी-सातवीतल्या कुणालाही आपला वर्ग आठवेल. इथे एक तयारी मात्र तुम्हीच करून द्यायला हवी. शेवट समजायला गाय फॉक्सची माहिती लागते. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी लंडनमध्ये संसदेच्या इमारतीखाली दारूगोळ्याची पिंपं ठेवून ती उडवण्याचा कट फसला, फॉक्स तिथेच पकडला गेला, आणि ब्रिटनमध्ये त्या रात्री आजही शेकोट्या पेटवतात. तिकडच्या मुलांना हे बालवाडीपासून ठाऊक असतं, आपल्याकडे नाही. पुस्तकाच्या आठवडाभर आधी सहज गप्पांत सांगा, पुस्तकाशी संबंध आहे हे सांगू नका. याच रीतीने ‘द मॅजिशियन्स ऑफ काप्रोना’च्या (१९८०) आधी पंच आणि ज्युडीच्या बाहुल्यांचा खेळ दाखवा. त्या खेळातली मारामारी ठाऊक नसेल तर पुस्तकातला सर्वात भयंकर प्रसंग विनोदी वाटून निसटून जातो. मग तुमचा कपाटातला तिसरा जोडखंड काढा. ‘मिक्स्ड मॅजिक्स’ (२०००) हा कथासंग्रह ‘काप्रोना’च्या आधी नको, कारण त्यातल्या एका कथेत तिथला टोनिनो येतो.

आता हाउल. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) आणण्यापूर्वी लेकीला एवढंच सांगा की हायाओ मियाझाकींनी २००४ च्या चित्रपटात गोष्ट पुष्कळ बदलली आहे, आणि पुस्तक ‘चुकीचं’ नाही. चित्रपटभर युद्ध आहे, पुस्तकात ते दूरवरची कुणकुण म्हणूनच येतं. तिथे राजाला हवा आहे तो हरवलेला राजपुत्र जस्टिन आणि जादूगार सुलिमन. हा सुलिमन पुस्तकात पुरुष आहे. चित्रपटातला चिमुरडा मार्कल मुळात पंधरा वर्षांचा मायकेल. सोफीला लेटी आणि मार्था अशा दोन बहिणी आहेत. आणि सर्वात मोठा फरक दाराचा. त्या जादूच्या दाराच्या मुठीवर चार रंगांचे ठिपके असतात, आणि त्यातला काळा ठिपका खाली केला की दार उघडतं ते आपल्या जगातल्या वेल्समध्ये. हाउल हा मुळात हाउवेल जेन्किन्स नावाचा वेल्श तरुण, त्याची बहीण मेगन त्याच्यावर करवादते आणि भाचा संगणकावर खेळत बसलेला असतो. चित्रपटात यातलं काहीही नाही.

इंगरी या देशात तीन भावंडांतलं थोरलं असणं म्हणजे अपयश ठरलेलंच, असं सोफी पहिल्या पानापासून धरून चालते. आपल्या कहाण्यांत नावडती राणी आली की शेवटी तिचंच भलं होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. युरोपच्या परीकथांत तो मान धाकट्याचा. जोन्स ही रीत वाचकाला माहीत आहे असं गृहीत धरते आणि थोरलीलाच नायिका करते. तेवढं सांगितलंत की पहिलं प्रकरण खुलेल. पुढे जॉन डन या सतराव्या शतकातल्या इंग्रज कवीची निखळत्या ताऱ्यावरची कविता येते. ती हाउलवरचा शाप आहे. आली की लेकीला कागदावर उतरवून घ्यायला सांगा, आणि एकेक ओळ खरी होईल तशी तिच्यापुढे खूण करू द्या. असं न करणारे वाचक निम्म्या खुणा सोडून जातात. पुस्तक संपल्यावर सोफी टोप्या शिवत बसते ते पहिलं प्रकरण परत वाचायचं, आणि ती टोप्यांशी काय बोलते त्याकडे नीट लक्ष द्यायचं.

यानंतर ‘कॅसल इन द एअर’ पुन्हा हाती द्या. अरबी सुरस कथांच्या धर्तीवरचं ते मजेदार पुस्तक आहे, मात्र त्यात लठ्ठ मुलींची केलेली चेष्टा आज खटकते आणि ती खटकायला हवी. तिसरं ‘हाउस ऑफ मेनी वेज’ (२००८) वाचनात बुडालेल्या, घरकामाची काडीही ठाऊक नसलेल्या चार्मेनचं. ते अकराव्या वर्षी छान जमतं.

मालिकेबाहेरचं एकच घ्यायचं झालं तर ‘आर्चर्स गून’ (१९८४). घरात मोठ्याने वाचायला याच्याइतकं दुसरं चांगलं पुस्तक तिच्या यादीत नाही. हॉवर्डच्या लेखक बापाने दर तीन महिन्यांनी दोन हजार शब्द लिहून द्यायचे असतात. ते पोचत नाहीत, म्हणून एक आडदांड माणूस स्वयंपाकघरात येऊन बसतो. मग कळतं की सात जादूगार भावंडांनी सगळं गाव आपसात वाटून घेतलंय : वीज आणि पैसा एकाकडे, गुन्हेगारी दुसरीकडे, गटारं आणि पाणी तिसऱ्याकडे. सात नावं आणि त्यांची खाती एका कागदावर मांडत चला, नाहीतर मध्यावर कोण कुणाचं ते लक्षात राहत नाही. बीबीसीने १९९२ मध्ये याची मालिकाही केली होती. ‘एट डेज ऑफ ल्यूक’ही (१९७५) दहा-अकराला चालेल, फक्त आधी उत्तर युरोपच्या ओडिन, थॉर, लोकी या देवांच्या चार गोष्टी सांगा आणि मंगळवार ते शुक्रवार या वारांची इंग्रजी नावं तिकडच्याच देवांवरून पडली एवढं कानावर घाला. घरात सात-आठ वर्षांचं धाकटं भावंड असेल तर त्याला ‘इअरविग अँड द विच’ (२०११) हे छोटं सचित्र पुस्तक.

प्रकल्पासाठी चरित्राची हाडं अशी. जन्म १६ ऑगस्ट १९३४, लंडन. पाच वर्षांची असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तिला आधी वेल्समध्ये आजी-आजोबांच्या गावी, मग उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हलवण्यात आलं. हाउलच्या वेल्सचं मूळ तिथलं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘मुलं फार दंगा करतात’ अशी तक्रार घेऊन आर्थर रॅन्सम हे बालसाहित्यिकच दारात आले, आणि फाटकावर झोके घेणाऱ्या तिच्या बहिणीला ‘पीटर रॅबिट’च्या लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांनी चापट मारली, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. १९४३ मध्ये कुटुंब एसेक्समधल्या थॅक्स्टेडला गेलं. तिथे आईवडील तरुणांसाठी शिबिर-केंद्र चालवत. तिघी बहिणी मुख्य घराबाहेरच्या थंडगार खोल्यांत स्वतःच्या स्वतः वाढल्या. वडिलांनी रॅन्समच्या पुस्तकांचा संच विकत आणून कुलपात ठेवला, आणि दर नाताळला तिघींत मिळून एक पुस्तक ते बाहेर काढत. वाचायला नाही म्हणून डायना वह्यांमध्ये लांबलचक गोष्टी लिहून बहिणींना वाचून दाखवू लागली. मुलांना वाऱ्यावर सोडणारी मोठी माणसं तिच्या पुस्तकांत इतकी का, हे लेकीला इथून आपोआप कळेल. प्रकल्पात तारखांपेक्षा याला जागा द्यावी.

१९५३ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात गेली, तिथे सी. एस. लुइस आणि टोल्किन यांची व्याख्यानं ऐकली. १९५६ मध्ये मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक जॉन बरो यांच्याशी लग्न, तीन मुलगे. पहिली कादंबरी १९७० ची, मोठ्यांसाठी. मुलांसाठीचं पहिलं पुस्तक १९७३ चं ‘विल्किन्स टूथ’. ‘चार्म्ड लाइफ’ला १९७८ मध्ये गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ चं, म्हणजे ‘चार्म्ड लाइफ’ त्याच्या वीस वर्षं आधीचं, ही नोंद वर्गात सगळ्यांना आवडेल. २००७ मध्ये वर्ल्ड फँटसीचा जीवनगौरव. २६ मार्च २०११ रोजी ब्रिस्टलमध्ये निधन. अपुरी राहिलेली ‘द आयलंड्स ऑफ कॅल्डिया’ बहीण उर्सुलाने पुरी केली आणि ती २०१४ मध्ये निघाली.

पैशाचा प्रश्न राहिला. विकत घ्यायला दोनच पुस्तकं पुरेत : पहिला जोडखंड आणि ‘हाउल’. ती पुन्हा पुन्हा वाचली जातात. बाकीची ग्रंथालयात शोधा, आणि शोधताना आडनाव ‘जोन्स’ धरा. विन हे मधलं नाव आहे, त्यामुळे ‘विन’ खाली शोधणारे रिकाम्या हाती परततात. जुनी पुस्तकं घेताना ब्रिटिश आणि अमेरिकी नावं वेगळी असतात हे लक्षात ठेवा : ‘विल्किन्स टूथ’ म्हणजेच ‘विचेस बिझनेस’, आणि ‘ब्लॅक मरिया’ म्हणजेच ‘आंट मरिया’. ग्रंथालयात ‘फायर अँड हेमलॉक’, ‘हेक्सवूड’ किंवा ‘द टाइम ऑफ द घोस्ट’ दिसली तर आत्ता आणू नका. पहिल्यात मोठ्या माणसाशी असलेलं गुंतागुंतीचं नातं आणि मोडलेलं घर आहे, दुसऱ्यात काळ उलटसुलट फिरतो, तिसऱ्यात मुलांची हेळसांड फार जवळून येते. ती तेरा-चौदाव्या वर्षी द्यावीत. तोवर वाट पाहिली तर ‘फायर अँड हेमलॉक’ तिला या बाईंचं सर्वात मोठं पुस्तक वाटेल असा माझा अंदाज आहे.